दादाचं अर्धं वाक्य

रविवार, संध्याकाळ

लकवा मारल्यापासून माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, एकेक शब्द सावकाश येतो. आज कामरगावला त्याच्या शेतात जेवण होतं. गोवऱ्यांच्या राखेत कणकेचे रोडगे भाजत होते आणि शेवटची जीप चुकेल म्हणून मी ते काडीने उकरून पाहत होतो.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, कायले उकरता? कच्चे राह्यतीन. तुमच्या संस्कृतात वाट पाह्यणं नाई काय?"

तेवढ्यात दादा बोलू लागला. "तू... आज..."

"हो, आजच निघतो," मी म्हणालो. त्याने नकारार्थी मान हलवली. मग पाणी हवं का? गोळी? पाठशाळेत संस्कृत श्लोकांचा अन्वय लावायला शिकलो तेव्हापासून इतरांची वाक्यं मीच पुरी करतो. दादा राखेकडे पाहत बसला. रोडगे आतून कच्चेच निघाले. ते तसेच खाऊन मी निघालो.

आत्ता वहिनीचा फोन. "सकायपासून एकच घोकून राह्यले होते ते. 'तू आज मुक्कामी राह्य.' तुमची गादीबी उन्हात टाकाले लावली होती."

नखांत अजून राख आहे. आणि ती जीप? सवाऱ्या भरेपर्यंत हललीच नाही. तिथं मात्र मी मुकाट बसून होतो.