उंच केलेली चौकट

९ नोव्हेंबर, रविवार

बाजारातून आले तर भिंतीत खिळे. समोरच्या शिवाप्पाअण्णांच्या माडीवर कॅमेरा बसलाय आणि त्याची वायर माझ्या भिंतीवरून नेलीय. कॅमेऱ्याचं तोंड नेमकं माझ्या मागखोलीच्या दाराकडं, जिथं आमचा यंत्रमाग असायचा.

गल्लीतली स्कूटर चोरीला गेली तेव्हापासून हे घाटत होतं. पोलीस येऊन विचारपूस करून गेले, पुढं काही नाही. मग गल्लीनं वर्गणी काढली. आमचे हे असते तर खूश झाले असते. जन्मभर हेच सांगत आले, सरकारची वाट बघू नका, गल्लीनं गल्लीचं करावं. बोअर त्यांनीच पाडायला लावली. गटार रविवारी सगळ्यांनी मिळून काढायचं, हेही त्यांचंच.

पण हेच असंही म्हणायचे की दुसऱ्याच्या भिंतीत खिळा मारायचा तर आधी विचारावं. मग मारणारं सरकार असो की सख्खा भाऊ.

शि.अण्णांना बोलले. म्हणाले, "तुमच्यासाठीच हाय की वैनी. एकट्या असताय."

माझ्यासाठी म्हणून कुणी काही केलं की मला धास्ती वाटते.

१३ नोव्हें.

दुपारी दारात बसून वाचायची सवय. आज जमलं नाही. पान उलटलं की वाटे, कुणीतरी मोजतंय. खुर्ची आत ओढली, तर उजेड कमी.

लाईट गेली. वडगावात लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात आणि कान दुखतील अशी शांतता होते. आमचं शिक्षण त्या शांततेतच झालं. मी चौथी, हे सातवी. रद्दीवाल्याकडून आणलेली पुस्तकं, त्यात स्वातंत्र्यावरचं ते जाड, पुठ्ठा गेलेलं. हे मोठ्यानं वाचायचे, मी सुताच्या कांड्या भरत ऐकायचे. लाईट आली की वाक्य अर्ध्यात तुटायचं. काही वाक्यं अजून तशीच

आज त्या शांततेत मागाच्या तेलाचा वास आला. ताजा. माग विकून दोन वर्षं होत आली. फरशी खरडून घेतलीय.

१८ नोव्हें.

शेवंता तिच्या मागाच्या कांड्या भरायला माझ्याकडं आली. शेजारची, मला बहिणीसारखी. दोन कांड्या भरल्या. मग म्हणाली, "आक्का, रागावू नगा. गल्लीत बोलाय लागल्यात."

कोण पुरुष माणूस दुपारचा माझ्याकडं येतो, हे विचारायचं होतं तिला. मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, कॅमेऱ्यात दिसतंय. एकदा नाही, तीन-चारदा. पोरांच्या मोबाईलवर सगळ्यांनी बघितलं. तोंड दिसत नाही, पाठमोरा असतो. आत गेलेला दिसतो, बाहेर पडलेला दिसत नाही.

मला हसू आलं. या वयात माझ्यावर एवढी कृपा.

मग ती म्हणाली, "उंच हाय म्हणं. खाली वाकून आत शिरतोय, चोरावानी."

हातातली कांडी थांबली. शेवंताला वाटलं मला राग आला. उठून गेली.

१९ नोव्हें.

लिहून ठेवते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

मागखोलीची जुनी चौकट बुटकी होती. सासऱ्यांच्या वेळची. हे उंच, लग्न झाल्यापासून त्या दारात वाकूनच आत गेले. सुरुवातीला कपाळ फुटायचं, मग अंगवळणी पडलं. देवळाच्या उंच दारातसुद्धा हे वाकायचे. लोकांना भक्ती वाटायची.

हे गेल्यावर माग विकला. तो बाहेर काढायला चौकट फोडावी लागली. जावयांनी नवी बसवली ती चांगली उंच. आता त्या दारात कुणालाच वाकावं लागत नाही. गवंडी, लाईटवाला, जावई, सगळे ताठ गेले. मी आज हात वर करून बघितला, चौकटीला पोचत नाही.

तिथं वाकणारा माणूस एकच होता.

हे मी कुणाला सांगणार नाही.

२६ नोव्हें.

निपाणीहून नलू आली. न सांगता आली म्हणजे कुणीतरी तिला फोन केलाय. चहा होईपर्यंत खोल्यांतून फिरली, खुंट्या बघितल्या, पलंगाखाली बघितलं. माझीच लेक.

"आई, खरं काय ते सांग. मी रागावणार न्हाय."

सांगण्यासारखं काही नाही म्हटलं. मग म्हणाली, निपाणीला चल. घर भाड्यानं देऊ. सासरची माणसं काही म्हणणार नाहीत, वरची खोली रिकामी आहे, जावयांनीही तेच सांगितलंय. सगळं खरं. माणसं भली आहेत. पण तिथं दिवा कधी मालवायचा हे दुसरं कुणीतरी ठरवणार, आणि मी हो म्हणत जाणार.

जाताना रडली. "लोकं काय म्हणतात ते मला ऐकावं लागतंय." हेही खरंच. मुदत दिलीय, संक्रांतीपर्यंत.

तिला चौकटीचं सांगावंसं फार वाटलं. सांगितलं असतं तर आजच उचलून नेलं असतं.

३ डिसेंबर

मारुतीच्या देवळात गल्लीची बैठक. मी स्वतःच बोलावली. म्हटलं, माझ्या भिंतीवरची वायर काढा आणि कॅमेऱ्याचं तोंड माझ्या दारावरून हलवा. तोंड हलवलं तर गल्ली दिसत नाही, म्हणजे कॅमेरा काढायलाच पाहिजे. सगळ्यांना ते माहीत होतं, मलाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "काय लपवायचं नसंल तर कशाला भ्यायचं?"

मी म्हटलं, "माझ्या दारातनं कोण येतं ते मी सांगणार नाही. कुणी येत नसलं तरी सांगणार नाही. तुमच्याकडं कोण येतं ते मी कधी विचारलंय?"

मग शि.अण्णा उठले. "वैनींची भिंत हाय. त्या नगं म्हणत्यात. आपलं पहिल्यापासून तसंच ठरलंय, दादानं ठरवलेलं. येत्या रविवारी नको, त्याच्या फुडच्या रविवारी काढतो."

आमच्या यांना सगळे दादा म्हणायचे.

बाहेर पडताना कुणी माझ्याकडं बघितलं नाही. इतके दिवस सगळे बघत होते.

८ डिसें.

विधानसभेच्या अधिवेशनाचा बंदोबस्त. सीमेच्या नाक्यावर गाड्या अडवल्या, पलीकडच्या राज्याच्या बस बंद. कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी कागदानं झाकलीय, कुठल्या भाषेत असावी यावरून भांडण नको म्हणून. दोन सरकारं माझ्यावर हक्क सांगतात. हे म्हणायचे, भांडण जमिनीचं असतं, आपण तिच्यावर उगवलेलं गवत. दुकानदार मराठीत हिशेब करतो, कन्नडात शिव्या देतो, गिऱ्हाईक तुटत नाही. त्याला कुणी विचारलं नाही.

सरकारशी भांडणं सोपं आहे. ते लांब असतं. गल्लीशी भांडायचं म्हणजे सकाळी उठून तिच्याच नळावर जायचं. त्या जाड पुस्तकात याबद्दल कुठं आहे का बघितलं. सापडलं नाही.

शेवंता आठवडाभर आली नाही.

११ डिसें.

दुपारी शि.अण्णा आले. आत बोलावलं तर मागखोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. चौकटीकडं बघत होते, वर. माझ्या लक्षात आलं की अण्णांनाही कळलंय. आमच्या यांच्याबरोबर एकाच हौदावर सूत रंगवलेला माणूस, पाठ ओळखणारच.

मोबाईल पुढं केला.

"वैनी, मी बघितलंय. तुम्ही एकडाव बघा. मग काढूया."

मोबाईल उलटा धरला होता, काच तळव्याकडं. एवढासा. हात लांब केला असता की झालं असतं.

हे गेले ते दवाखान्यात. मला बाहेर बसवलं होतं, आत सोडलं नाही. नियम. शेवटचं बघितलं तेव्हा चेहरा बांधलेला. त्या दिवसापासून मी एकच मागत आलेय, एकदा चालताना बघू द्या.

मी म्हटलं, "अण्णा, मी बघितलं तर कॅमेरा माझापण झाला."

"कुणाला सांगत न्हाय मी."

"तसं नाही. त्यांना विचारलंय का आपण?"

अण्णांनी मोबाईल खिशात घातला. टोपी काढली, परत घातली. जाताना म्हणाले, मी पुसून टाकतो मग. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दार लावून खाली बसले. लाईट होती, सगळे माग चालू होते, मला काही ऐकू येत नव्हतं.

१४ डिसें., रविवार

कॅमेरा निघाला. अण्णांनी स्वतः शिडी लावली, खिळे उपटले, भोकं सिमेंटनं बुजवली. ओली आहेत अजून.

गटार काढायला आज मला कुणी हाक मारली नाही. खराटा घेऊन मीच गेले. माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. शेवटी शेवटी शेवंता येऊन उभी राहिली, घमेलं धरलं. मग हळूच, "आक्का, आता चोर आला तर?"

"आला तर वाकून येईल," मी म्हटलं. तोंडून निघून गेलं. ती हसली नाही. मीही नाही.

१८ डिसें.

नलूचा फोन. कॅमेरा काढल्याचं तिला कळलंय. "आता तर लोक जास्तच बोलतील, आई." मी म्हटलं, बोलू देत. संक्रांतीला तिळगूळ घेऊन ये, आपण बसून बोलू. ती म्हणाली, बॅग भरून ठेव.

२२ डिसें.

दुपारी लाईट गेली. माग थांबले.

मागखोलीचं दार सताड उघडं ठेवलं आणि दाराकडं पाठ करून बसले, पूर्वी कांड्या भरायला बसायचे तशी. जाड पुस्तक मांडीवर. त्यांच्या वेळी अर्ध्यात तुटलेलं एक पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. माझं वाचन अडखळत चालतं.

पानावर दाराचा उजेड पडला होता. वाचता वाचता तो कमी झाला. ढग असेल. तेलाचा वास.

कॅमेऱ्यानं बघायचं नाही असं मी गल्लीला सांगितलं. तेच मलाही लागू. वळले नाही. मान अवघडली तरी नाही. वाक्य संपेपर्यंत वाचलं, आणि पुढचं वाचण्याआधी थांबले, कारण त्या जागी हे नेहमी