एक पिक्सेल, सलग, लाल

३ मार्च, सोमवार

सरांनी आज तिचं काम भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं. सगळ्यांसमोर! दातांच्या दवाखान्यांची वेबसाइट आहे. एकेका डॉक्टरची एकेक चौकट, आत फोटो, नाव, वेळ. "बॉर्डर कशी असावी, बघून घ्या," असं सर म्हणाले आणि नेमके माझ्याकडे बघून म्हणाले.

अकरा वर्षं मी या खोलीत चौकटी आखतेय. मला कुणी भिंतीवर लावलं नाही. तिला येऊन आठ महिने झाले, अजून आम्ही तिला 'नवी'च म्हणतो. खरं तर आता मी एकटीच म्हणते.

मला तिचा हेवा वाटतो. लिहून टाकलं एकदाचं.

४ मार्च, मंगळवार

तिच्या चौकटीवर माउस नेला की कड जाड होते, निळी होते. आणि शेजारची चौकट तसूभरही हलत नाही. माझी हलते. कड जाड झाली की जागा जास्त खाते, मग शेजारीण सरकते, आणि अख्खं पान उचकी लागल्यासारखं एकदा हलतं. इतकी वर्षं मला हे कधी खटकलं नव्हतं. आता दिवसभर तेच दिसतंय.

दुपारी चहाच्या वेळी विचारते कशी — "ताई, तुमच्या वेळी गोल कोपरे कसे करायचे हो?" तुमच्या वेळी म्हणे! कोपऱ्यांची चार चित्रं कापायची आणि चौकटीच्या चार टोकांना चिकटवायची, बाई. एखादं चित्र केसभर चुकलं की सगळं मुसळ केरात. तुमच्यासारखं एका ओळीत उरकत नव्हतं. ती हातातला कप तसाच धरून ऐकत राहिली. तिने खोटं खोटं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

ती निळी कड कशी केली हे तिला विचारायला मला एक मिनिट लागेल. विचारणार नाही.

६ मार्च, गुरुवार

घरी सासूबाईंना दोन पानं दाखवली, एक माझं, एक तिचं. कुणाचं कुठलं ते सांगितलं नाही. सासूबाईंची नजर आता अधू झालीय, मोबाइल नाकाला लावून बघतात. दोन्ही बघून म्हणाल्या, "हे बरं आहे. कुठे काय संपतंय ते कळतं." तिचं.

"आणि दुसरं?"

"ते पण बरं आहे गं. पण त्यात जरा कोंडल्यासारखं होतं."

नवरा सोफ्यावर बसून हसत होता. म्हणाला, "गेला महिनाभर जेवताना, झोपताना तुझ्या तोंडी नवी, नवी, नवी. तिलाच घेऊन ये की घरी राहायला." मी तडक स्वयंपाकघरात गेले. पोळ्या मात्र करपल्या.

७ मार्च, शुक्रवार

नवी रजेवर. एका दवाखान्याची वेळ बदलायची होती. सर म्हणाले, तिच्या फाइलमध्ये जाऊन तुम्हीच बदला. आंधळा मागतो एक डोळा!

वेळ बदलायला अर्धं मिनिट लागलं. मग मी त्या निळ्या कडेच्या मागे लागले. पान समजून घ्यायचं असलं की मी सगळ्या चौकटींभोवती रेषा मारते, म्हणजे कोण कुठे सुरू होतं आणि कोण कुणाला ढकलतंय ते दिसतं. मोठ्या पडद्यासाठी मारल्या, मोबाइलच्या अरुंद पडद्यासाठीही मारल्या. आणि सापडलं. काय केलंय तिने? जाड कड पहिल्यापासूनच आहे, फक्त पारदर्शक. माउस आला की नुसता रंग भरतो. जागा आधीच राखून ठेवलेली, मग कोण कशाला सरकेल!

इतकं सोपं. मला सुचलं नाही. इतक्यात सर खोलीत आले, मी चोरासारखं घाईघाईने रेषा पुसल्या, फाइल साइटवर चढवून दिली आणि जेवायला गेले. जेवण गेलं नाही.

१० मार्च, सोमवार

सरांनी दोघींना आत बोलावलं. बुधवारी दवाखान्यांचे मोठे डॉक्टर काम बघायला येणार, त्यानंतर टीम लीड कोण ते ठरणार. "तुमच्या दोघींपैकीच एक," म्हणाले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, तुम्हीच होणार. माझं काय, मी अजून शिकतेय." गोड बोलायला काय जातं.

मला ती जागा हवी आहे. फार हवी आहे. अकरा वर्षांत दुसरं काही मागितलं नाही.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी सगळे गेल्यावर तिचं पान माझ्या मोबाइलवर सहज उघडून बघितलं. खरं म्हणजे सहज नाही. खोट काढायलाच उघडलं.

सापडली! 'भेटीची वेळ घ्या' या बटणाभोवती लालभडक चौकट. मोठ्या पडद्यावर नाही, फक्त मोबाइलवर. काम करताना मारलेली रेषा पुसायची राहून गेली बाईंची. नवशिकी चूक!

तिला फोन करायला हवा होता. दोन मिनिटांचं काम. फोन हातातच होता. मी तो पर्समध्ये टाकला आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली.

१२ मार्च, बुधवार

मोठ्या डॉक्टरांनी भिंतीकडे बघितलंही नाही. खिशातून मोबाइल काढला. "हे लाल काय आहे? माझ्या पेशंटला वाटेल, आपलंच काहीतरी चुकलं."

सर नवीकडे वळले. तिने मोबाइल हातात घेतला, क्षणभर त्या बटणाकडे बघितलं. "माझ्याकडून राहिलं, सर. पाच मिनिटांत काढते." मान खाली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी टेबलावरची फाइल उगाच सरळ करत होते.

डॉक्टर गेल्यावर सर तिला बोलले. दार बंद होतं, तरी आवाज येत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण घरी येऊन जेवल्यावर.

१३ मार्च, गुरुवार

लीड मी! सर म्हणाले, "नजर हवी, आणि ती अनुभवानेच येते." सासूबाईंनी शिरा केला. नवऱ्याने शेजाऱ्यांना सांगून टाकलं. मी दोनदा शिरा घेतला.

१७ मार्च, सोमवार

नवी आज मला 'मॅडम' म्हणाली. मी तिला तसं सांगितलं नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

लीड झाल्यावर पहिला नियम मीच काढला होता. काम करताना मारलेली एकही रेषा पानात राहता कामा नये. आज तिच्या मागे उभी राहून बघत होते. पान तिरकं होत होतं म्हणून तिने चौकटींभोवती रेषा मारल्या. हिरव्या.

मी सहज विचारलं, "लाल का नाही?"

"लाल मी कधीच वापरत नाही, मॅडम. भरायच्या राहिलेल्या रकान्याला आपण लाल कड देतो ना, मग गोंधळ होतो. पहिल्या दिवसापासून हिरवाच."

बोलता बोलता तिने हिरव्या रेषा पुसल्या आणि मोबाइलवर एकदा बघून घेतलं. मी माझ्या खुर्चीवर येऊन बसले. काहीच काम झालं नाही.

२० मार्च, गुरुवार

आज सगळ्यांच्या आधी पोचले आणि तिच्या फाइलचा इतिहास उघडला. कुठली ओळ कुणी लिहिली, केव्हा लिहिली, सगळं शेजारीच असतं. त्या रेषेची ओळ सापडली: एक पिक्सेल, सलग, लाल. ७ मार्च, दुपारी पाऊण. माझं नाव.

त्याखाली तिची नोंद, १२ मार्चची. 'रेषा काढली.' बस, एवढंच.

त्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलं नाही, ते लाजेने नव्हतं.

सर साडेनऊला येतात. मी त्यांच्या दाराबाहेर बसूनच हे लिहितेय.