दोघांपैकी एकाच्या पेशी

९ ऑगस्ट

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. मी बरी आहे. जेवते, झोपते, शाळेत जाते.

या आठवड्यात दुसऱ्या तुकडीचं पेशींचं प्रात्यक्षिक झालं. सूक्ष्मदर्शक पुसायचे, काचपट्ट्या तयार ठेवायच्या, एवढंच माझं काम, शिकवतात बाई. वीस वर्षं नुसती मांडामांड केली. यंदा मुलं गेल्यावर मीही डोळा लावून बसले. कांद्याचा पापुद्रा विटांच्या बांधकामासारखा दिसतो, प्रत्येक पेशीला स्वतःची भिंत. पावावरच्या बुरशीचे लांब धागे. त्यांनाही भिंत असते, पण वेगळ्या द्रव्याची, किड्यांच्या कवचात असतं तसल्या. आणि स्वतःचं अन्न बनवणं जसं आपल्याला जमत नाही, तसं बुरशीलाही नाही. माणसाच्या गालातल्या पेशींना मात्र भिंतच नाही. पातळ आवरण, कडेला दुमडलेलं.

बाईंना विचारलं, "प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची माहिती असते ना? मग गालाची पेशी गालाचीच का होते?"

"पुस्तक सगळ्यांकडे तेच असतं हो. प्रत्येक पेशी आपल्या कामाचीच पानं उघडते."

"आणि बाकीचा माणूस?"

"असतो. मिटलेला." मग हसून म्हणाल्या, "तुम्ही आता परीक्षेलाच बसा!"

हे सगळं तुम्हाला का लिहितेय, ते सांगते. तुम्ही फोनवर म्हणालात, "कपडे, चष्मा, सगळं आठ दिवसांत वाटून टाकलंस. माझ्या भावाचं काहीच ठेवलं नाहीस का गं?" मी नाही म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं.

नमुन्याची काचपट्टी मी दरवर्षी घरी करते, ह्यांच्या गालाची. यंदा म्हणाले, "दरवेळी माझाच गाल! तुझ्या गालाला काय सोनं लागलंय?" म्हणून दोघांच्या केल्या. टूथपिकने आतून हलकेच खरवडलं, निळा रंग, वर पातळ काच, कडांना नेलपॉलिश. नावं घातली नाहीत. नवव्या दिवशी ते गेले.

कामावर परतले त्या दिवशी पहिल्या तुकडीचा तसाच पडलेला ट्रे सवयीने धुऊन टाकला. त्यात आमच्या दोन काचपट्ट्यांपैकी एक गेली. हात पुसताना लक्षात आलं. दुसरी डब्यात राहिली होती. ती मी मुलांना दाखवली नाही. बाईंचाच गाल खरवडला.

कांदा, बुरशी, माणूस मी आता एका नजरेत ओळखते. पण उरलेली ह्यांची की माझी, ते ओळखता येत नाही. बाई म्हणतात, मोठ्या प्रयोगशाळेत कदाचित कळेल, पण काच उघडावी लागेल, पेशी त्यातच संपतील. मी नको म्हटलं.

निळा रंग उतरत चाललाय. महिनाभर टिकेल, फार तर. एकटीने पाहिलं की मला हवं तेच दिसतं. तुम्ही त्यांना माझ्याआधी सव्वीस वर्षं ओळखत होतात. त्याने काही कळणार नाही, हे मला समजतं. तरी या. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असते, किल्ली मी मागून ठेवली आहे.

अजूनही तुमचीच,
भावजय