सात दिवस सपाट

३ फेब्रुवारी २००४, मंगळवार
आडवा पडून लिहितोय. पेन उलटं धरलं की चालत नाही, म्हणून पेन्सिल.
काल मणक्याची गादी काढताना आतल्या पडद्याला चीर गेली. टाका घातलाय. तिथून मेंदू-मणक्यातलं पाणी झिरपू नये म्हणून काय करावं, यावर डॉ. शांभवींचं संशोधन चालू आहे. पाकिटातून चिठ्ठी काढतात. कुणाला दुसऱ्या दिवशी उठवायचं, कुणाला सात दिवस सपाट झोपवायचं. मला सात दिवस निघाले. शेजारच्या कॉटवर कुरुंदवाडचे तंबाखूचे व्यापारी महालिंग. त्यांचंही ऑपरेशन कालच, चीर तीच, चिठ्ठीही तीच.
डॉक्टरांना म्हणालो, सव्वीस वर्षं पी.टी. शिकवतोय, नुसतं पडून राहणं ते काय.
बायको शालू म्हणाली, बघूया की.

४ फेब्रुवारी, सकाळी
महालिंग घाबरलेत. त्यांना सांगितलं, शिस्त शरीराची नसते, मनाची असते. तेव्हापासून ते मानही हलवत नाहीत.
दुपारी
भांड्यावर मला जमत नाही. सिस्टर म्हणाल्या, पडदा लावलाय, कोण बघतंय सर. तरी नाही. एकदाच संडासला जाऊन आलो. महालिंग झोपले होते. याला नियमभंग म्हणत नाहीत. निसर्ग.

५ फेब्रुवारी
दोनदा निसर्ग. येताना व्हरांड्यात चहा. आजचं पेनाने.
डॉ. शांभवींनी विचारलं, उठला नाहीत ना? म्हणालो, प्रश्नच नाही. त्यांनी कागदावर खूण केली. महालिंगांचं पोट तीन दिवस गच्च आहे, तरी बायकोला, चन्नम्माला, म्हणत होते, सरांकडं बघ की, हूं न्हाय का चूं न्हाय.
उद्यापासून एकदम सपाट.

७ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. माझ्यामुळे डॉक्टर लिहिणार, सात दिवस झोपवलं की पाणी झिरपत नाही. मग पुढचे सगळे पेशंट सात-सात दिवस भांड्यावर. उद्या राउंडला सांगून टाकायचं. ठरलं.

८ फेब्रुवारी, रविवार
राउंडला दुसरेच डॉक्टर. त्यांना सांगून उपयोग काय?
दुपारी आमच्या शिवाजी पेठेची फुटबॉल मॅच, मंगळवार पेठेशी. गच्चीवरून निम्मं मैदान दिसतं. दोन जिने. संशोधनाचा विचार करून सावकाश चढलो. हरलो. ते गोलही नेमके न दिसणाऱ्या बाजूला.
शालू डबा घेऊन आली तर कॉट रिकामी. महालिंगांनी तिला सांगितलं, एक्सरेला न्हेलं असणार, सर आपणहून उठायचं न्हाईत. तिने मला गच्चीवर गाठलं. खाली आणलं. मग म्हणाली, त्या भोळ्या माणसाला तरी फसवू नका.

९ फेब्रुवारी
डॉ. शांभवींना सगळं सांगितलं. गच्चीसकट. त्या म्हणाल्या, माहीत आहे सर, तुमच्या स्लीपर रोज ओल्या असतात. पण चिठ्ठीत जो गट निघाला त्यातच तुम्हाला मोजणार. काही जण ऐकत नाहीत, ते धरूनच आम्ही चालतो.
सव्वीस वर्षं. आणि मला आधीच धरलेलं होतं.
हलकं वाटायला हवं होतं.

१० फेब्रुवारी
मला सुट्टी. टाका कोरडा.
महालिंगांना उठवून बसवलं आणि त्यांचं डोकं ठणकायला लागलं. पट्टी ओली. पाणी झिरपतंय. डॉ. शांभवी म्हणाल्या, कुणाची चूक नाही, पुन्हा टाका घालू, बरे व्हाल. महालिंग ऐकेनात. म्हणाले, मीच झोपेत कुशीवर वळलो असंन. सरांगत मन घट्ट पायजे.
मी स्टूल ओढून जवळ बसलो. सांगितलं. रोज उठत होतो. चहा प्यायलो. मॅच बघितली.
त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून एवढं खोटं कशाला बोलताय सर. मग चन्नम्माला म्हणाले, असली माणसं ऱ्हायली न्हाईत आता.
साक्ष द्यावी म्हणून शालूकडे बघितलं. ती पिशवी भरत होती.
निघताना महालिंगांनी विचारलं, सर, छतावरचा त्यो डाग, तुमास्नी बी घोड्यागत दिसत होता न्हवं?
मी वर बघितलं. पहिल्यांदाच.