पौर्णिमेच्या खिरीचा फोटो

चि. महेंद्र,
सप्रेम जयभीम.

बुद्धपौर्णिमेला हनुमंत पाटलाने तुझ्या आईच्या हातची खीर खाल्ली. मी काढलेला तो फोटो तू अमेरिकेतून इंटरनेटवर टाकलास, खाली गावासकट नावे लिहून. नगरच्या सायबर कॅफेत त्याच्या भावाने तो पाहिला.

काल भर चौकात त्याने हनुमंताला कुऱ्हाडीच्या दांड्याने तोंडावर मारले. "लई गोड लागली व्हय रं त्यांची खीर?" चार दात मातीत पडले. मी विहाराच्या दारात उभा होतो, पुढे झालो नाही.

फोटो काढून टाक, हे सांगायला पत्र लिहिणार होतो. त्याआधी दवाखान्यात जाऊन हनुमंताला तसे सांगितले. सुजलेल्या ओठांनी तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका. मी हसलेला तेवढा एकच हाय."

तुझा काका,
भीमराज