चमचा आडवा ठेवायचा कोणी

चेंगेलक्योय, इस्तंबूल
सोमवार

आदरणीय नेरिमानताई,

तुझे दोन्ही हात चुंबून कपाळाला लावतो. गुडघे कसे आहेत? ऑलिव्हची तोडणी आटोपली का, आणि दाजी अजून शिडीवर चढतात का? (चढत असतील तर शिडी लपव.) मी बरा आहे. रक्तदाब सोडला तर तक्रार नाही.

पत्र लिहायला कारण असं काही नाही. काल बोस्फरसकाठच्या चहाबागेत न्याहारीला गेलो होतो, तेवढंच. बरोबर बेल्किसबाई होत्या. आमच्याच गल्लीतल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, शाळेत भूगोल शिकवायच्या. सबिहा गेल्यापासून (ती तुझी जिवाभावाची मैत्रीण आधी आणि माझी बायको नंतर, हे मी विसरलेलो नाही) मी सकाळी ओट्यापाशी उभ्यानेच पाव खात होतो. ते त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "नुसरेतराव, घोडे उभ्याने खातात. माणसाने बसावं." तेव्हापासून दर रविवारी आम्ही बसतो.

तर काल मला त्यांच्याशी एक महत्त्वाचं बोलायचं होतं. पण न्याहारी चालू असताना महत्त्वाचं बोलू नये, हे बाबांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलेलं. म्हटलं, चहा पुरे झाला की बाई पेल्यावर चमचा आडवा ठेवतील, मग बोलू. चीज संपलं, ऑलिव्ह संपले, साय-मधाची बशी मी पावाने पुसून घेतली, टोमॅटोतल्या अंड्यांची कढई (बाईंनी घरून आणलेली, त्यात कांदा मला चालत नाही हे तुला ठाऊक; यांनी कांदा घालून केलेली, तरी मी एक अक्षर बोललो नाही, यावरून काय ते समज) रिकामी झाली. चमचा मात्र बशीतच. काझिम, तिथला म्हातारा वेटर, पेला रिकामा दिसला की भरायचा. त्यांनी घेतला की मलाही घ्यावा लागे. बाई पीत असताना आपण चमचा आडवा टाकायचा म्हणजे 'उठा आता' म्हटल्यासारखंच. शेजारच्या टेबलांवरची माणसं दोनदा बदलली. माझ्या पोटात चहा हिंदकळत होता, आणि या वयात त्यामुळे कुठे पळावं लागतं हे तुला सांगायला नको. मी पायावर पाय आवळून जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांबद्दल बोलत राहिलो.

शेवटी काझिमच वैतागला. किटली टेबलावर आदळून म्हणाला, "अहो, दोघांपैकी एकाने तरी चमचा ठेवा! माझी चहापत्ती संपत आली!"

बाई लालबुंद झाल्या. "मी यांच्यासाठी थांबलेय," त्या म्हणाल्या, "यांना अजून हवा असेल म्हणून पितेय. मला तर केव्हाच पुरे झाला." मग पाण्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? ठेवला असता तर उठावं लागलं असतं."

ताई, मला हसू आलं आणि डोळेही भरले. आपण उठून जाऊ नये असं कुणाला तरी वाटावं, हे पुन्हा नशिबात येईल असं मला वाटलं नव्हतं. सबिहाची आठवण त्याने कमी झाली नाही; उलट घरी जाऊन तिलाच हे सांगावंसं वाटलं. मग मी जवळजवळ धावतच जायचं तिथे जाऊन आलो.

बाकी सगळं ठीक. दाजींना सलाम.

तुझा धाकटा,
नुसरेत

ता. क. परत येऊन मी विचारलंच. बाई म्हणाल्या, "असं चहाच्या टेबलावर स्वतःच विचारतात होय? घरी मोठी माणसं पाठवा, रीतसर मागणी घाला. माझी आई अजून आहे म्हटलं!" (आई नव्वदीच्या पुढे आहे. मागणी ओरडून घालावी लागेल.) माझ्याकडून मोठं म्हणायला आता तू एकटीच उरलीस. सबिहाला मागायला आईबाबांच्या पुढे तूच चालत होतीस, म्हणून तर हे ता. क.मध्ये लिहितोय. तू नाही म्हणालीस तर विषय संपला. त्यांनाही तसं सांगून ठेवलंय.

आणखी एक. मागणीच्या दिवशी कॉफी नवरी करते आणि नवऱ्याच्या कपात मीठ घालते, ते काही चुकत नाही (रक्तदाबाचं सांगितलंय, चिमूटभरच घालीन म्हणाल्या). तुझ्या कॉफीत साखर किती, असंही त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. ते सबिहालाच ठाऊक असायचं. बाई म्हणाल्या, "असू दे. त्या आल्या की मीच स्वयंपाकघराच्या दारातून विचारीन."

विचारू देशील ना, ताई?