ह्युमिडिफायरची टाकी

छावणी, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी

सुदर्शनच्या बाबांना आवडाबाईचा नमस्कार.

माझा खोकला लई कमी झालाय, आधी तेच सांगते. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे.

इथल्या कोरड्या हवेनं घसा सोलून निघत होता, म्हणून सुदर्शननं ह्युमिडिफायर आणला. लहानशी टाकी, तिच्यातून गार वाफ निघते. चार दिवस बरं वाटलं, मग खोकला उलट वाढला. मी टाकी उघडून आत बोट फिरवलं, तर सगळं बुळबुळीत.

"मोनिका, यातलं पाणी कधी बदललं होतं?"

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, नळ आठवड्यानं येतो. पाणी फेकायचं जिवावर आलं, म्हणून वरूनच भरत गेले."

पोरीचं काय चुकलं? मी तरी फेकलं असतं व्हय? दोघींनी मिळून टाकी व्हिनेगरनं घासली, धुऊन उन्हात वाळवली. आता रोज फिल्टरचं ताजं पाणी घालतो, उरलेल्यानं फरशी पुसतो. खिडकीच्या काचेवर थेंब दिसले की ओल जास्त झाली समजायचं, मशीन बंद.

काल हरभऱ्याची भाजी निवडत दोघी दुपारभर बोललो. मला एकदाबी ढास लागली नाय. तिनं पहिल्यांदाच माहेरचं सगळं सांगितलं.

तुमच्या भाकरी कोण करतंय? कापूस वेचताना तोंडाला रुमाल बांधता का? परवा फोनवर तुमचा खोकला ऐकला मी. "धूळ गेली" म्हणालात, पण मी काय तुम्हाला आज ओळखते? वेचणी आटपली की गंगापूरहून जीप धरा आणि या. माझ्या खोलीत तुमची खाट टाकून ठेवलीय.

वाट बघणारी,
आवडाबाई